बंद पडलेल्या संगणकातील ठेवा

घरातील संगणक एके दिवशी सुरू होईनासा झाला, म्हणजे घरच्या माणसांना जी भीती वाटते ती यंत्राविषयीची नसते. यंत्र जुने झाले होते, ते कधीतरी जावयाचेच होते, हे सर्वांना ठाऊक असते. भीती असते ती आत साठविलेल्या गोष्टींची. मुलीच्या विवाहाची छायाचित्रे, दिवंगत वडिलांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, प्राप्तिकराची विवरणपत्रे, जमिनीच्या कागदांच्या प्रती हे सारे त्या एका पेटीत असते. कित्येक घरी त्यात एखाद्या निवृत्त गृहस्थाने दहा-बारा वर्षे खपून सिद्ध करीत आणलेला कुळवृत्तांतही असतो. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर अशा दूरदूरच्या ठिकाणी पांगलेल्या घराण्याच्या शाखांची नावे त्यात नोंदलेली असतात, आणि ती माहिती सांगणारी वृद्ध माणसे आता हयात नसतात. यंत्र दुकानात पुन्हा विकत मिळते. हे मिळत नाही.

या भीतीत तथ्य किती, हे पाहू लागले असता एक आश्वासक गोष्ट ध्यानात येते. संगणक सुरू न होणे आणि त्यातील फाइली नष्ट होणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत, आणि पुष्कळ वेळा पहिली घडली तरी दुसरी घडलेली नसते. पावसाळ्यात वाड्याचा दिंडीदरवाजा फुगून अडकला, म्हणून माळ्यावरच्या दफ्तराला वाळवी लागली असे कोणी समजत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र असा समज सहज होतो, कारण त्यातला दरवाजा कोणता आणि दफ्तर कोणते हे बाहेरून दिसत नाही. या समजापोटी घाईने जे उपाय केले जातात, त्यांनीच कित्येकदा सुरक्षित असलेला ठेवा नाहीसा होतो. म्हणून या यंत्राच्या अंतरंगाची थोडी ओळख करून घेणे इष्ट आहे.

संगणकात स्मरणाची दोन स्थाने असतात. एक तात्पुरते, ज्याला रॅम म्हणतात. वीज जाताच ते कोरे होते. दुसरे कायमचे, आणि सर्व फाइली याच ठिकाणी असतात. हे कायमचे स्थान बहुतेक जुन्या यंत्रांत हार्ड डिस्कचे असते. आयबीएम या कंपनीने १९५६ साली अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, तिला एका मोठ्या कपाटाइतकी जागा लागे, आणि इतके करून तीत मावत ती सुमारे ५० लाख अक्षरे. आज मोबाइलने काढलेले एखादे छायाचित्रही तेवढी जागा व्यापते. डिस्कचे तत्त्व मात्र बदललेले नाही. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटास ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते, आणि तिच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता एक सूक्ष्म शीर्ष त्यावरून तरंगत जाऊन लिहिते आणि वाचते. शीर्ष आणि तबकडी यांतील अंतर इतके अल्प असते की माणसाच्या केसाची जाडी त्याच्या कित्येक हजार पट भरेल. नव्या यंत्रांत या डिस्कची जागा एसएसडीने घेतली आहे. तीत फिरणारे असे काहीच नसते. सर्व मजकूर चिपांतील विद्युत्भाराच्या रूपाने राहतो. डिस्क असो वा एसएसडी, वीज बंद झाली तरी लिहिलेले तसेच राहते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

आता दरवाजाकडे वळावे. संगणक सुरू होणे ही एक घटना दिसली, तरी ती अनेक कड्यांची साखळी आहे. प्रथम वीज सर्व भागांना पोचते. नंतर मुख्य पट्टिकेवरील एका चिपेत कायम कोरलेला छोटा कार्यक्रम जागा होतो आणि रॅम, कळफलक, पडदा इत्यादी जागच्या जागी आहेत की नाहीत हे तपासतो. मग तो डिस्क शोधतो, तिच्या ठरावीक भागातील प्रारंभाच्या सूचना वाचतो, आणि त्या सूचना विंडोजसारखी कार्यप्रणाली रॅममध्ये आणतात. शेवटी वापरणाराचे नाव आणि परवलीचा शब्द विचारला जातो. यांतील कोणतीही एक कडी तुटली की संगणक सुरू होत नाही. पण या साखळीत घरच्या छायाचित्रांचा वा पत्रांचा संबंध कोठेच येत नाही. त्या फाइली डिस्कवर स्वस्थ पडून असतात.

याचे एक मोठे प्रत्यंतर १९ जुलै २०२४ या दिवशी साऱ्या जगाला आले. क्राउडस्ट्राइक या संगणक-संरक्षण करणाऱ्या अमेरिकन कंपनीने आपल्या कार्यक्रमाची एक सदोष सुधारणा पाठविली, आणि विंडोजवर चालणारे संगणक सुरू होता होता पुनःपुन्हा बंद पडू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ही संख्या सुमारे ८५ लाख होती. रुग्णालये, बँका, विमानतळ यांचा व्यवहार खोळंबला. भारतातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एवढा अनर्थ होऊनही त्या संगणकांतील मजकुराला धक्का लागला नव्हता. सुरक्षित अवस्थेत यंत्र चालू करून एक विशिष्ट फाइल काढून टाकली की ते पूर्ववत चालू होई. दोष एका कडीत होता. दफ्तर शाबूत होते.

तेव्हा घरचा संगणक अडला असता कोणती कडी तुटली हे लक्षणांवरून ओळखण्याचा प्रयत्न करावा. कळ दाबूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, तर दोष विजेच्या वाटेत असतो. भिंतीतील सॉकेट, लॅपटॉपचा चार्जर, किंवा टेबलावरच्या संगणकातील एसएमपीएस यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, किंवा यंत्र ठरावीक अंतराने टीं-टीं असा आवाज करते, तर संशय रॅमवर घ्यावा. आपल्याकडे दुरुस्ती करणारे कारागीर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने पुसतात आणि पुन्हा बसवितात. एवढ्यानेही पुष्कळ संगणक उठतात. अशा दोषांत फाइलींची चिंता करण्याचे कारण बहुधा नसते. पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटते, पण पुढे निळा पडदा येतो किंवा दुरुस्ती चालू असल्याची सूचना तासन् तास फिरत राहते, तर कार्यप्रणाली बिघडलेली असण्याचा संभव अधिक. प्रारंभ करण्याजोगी डिस्कच सापडत नाही असा संदेश आला, तर मात्र सावध व्हावे. तार सैल झाली असेल, किंवा डिस्कच आजारी असेल. आणि पेटीतून घड्याळासारखी नियमित टकटक ऐकू आली, तर काही न करता तत्काळ वीज बंद करावी. तो आवाज वाचण्याचे शीर्ष वारंवार प्रयत्न करून अपयशी होत असल्याचा असतो, आणि त्या स्थितीत फिरणाऱ्या तबकडीवर शीर्ष घासू लागले, तर लिहिलेला मजकूरच खरवडला जातो.

लक्षण कोणतेही असो, एक नियम सर्वत्र लागू पडतो. प्रथम फाइली बाहेर काढाव्यात, यंत्राची दुरुस्ती मागाहून करावी. व्यवहारात याच्या नेमके उलट घडते. संगणक दुकानात नेला की ‘फॉर्मॅट मारावा लागेल’ हे वाक्य कानी पडते, आणि ग्राहक मान डोलावतो. कारागिराच्या दृष्टीने त्यात काही गैर नसते. यंत्र चालू करून देणे हे त्याचे काम, आणि डिस्क पुसून कार्यप्रणाली नव्याने बसविणे हा त्याचा जवळचा मार्ग. म्हणून यंत्र त्याच्या हाती देण्यापूर्वीच आतील मजकूर हवा आहे, तो काढल्यावाचून डिस्कला हात लावू नये, हे त्याला स्पष्ट सांगावे, आणि पावतीवर लिहून घ्यावे. घरी स्वतः खटपट करणारानेही हीच काळजी घ्यावी. विंडोज स्वतःला नव्याने बसविण्याचा जो उपाय सुचविते, त्यात फाइली ठेवण्याचा आणि सर्व काढून टाकण्याचा, असे दोन पर्याय शेजारीशेजारी असतात. घाईत दुसरा दाबला गेला तर पश्चात्तापाखेरीज काही उरत नाही.

फॉर्मॅट केल्याने नेमके काय होते, हे ग्रंथालयाच्या दृष्टान्ताने समजेल. डिस्कवर एक सूची असते. कोणती फाइल कोठे ठेवली आहे हे तीत नोंदलेले असते. फाइल पुसली, किंवा झटपट पद्धतीने फॉर्मॅट केले, तर केवळ सूची फाडली जाते. ग्रंथ कपाटातच असतात. फक्त त्यांची जागा रिकामी समजली जाते, आणि नवा ग्रंथ आला की तो जुन्याच्या जागी ठेवला जातो. म्हणून चुकून पुसलेल्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नये. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तयार केलेला फोटोरेक नावाचा विनामूल्य कार्यक्रम सूचीकडे न पाहता सरळ कपाटे धुंडाळतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलीचा आरंभ ठरावीक खुणेने होतो. पीडीएफ फाइल टक्क्याचे चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही अक्षरे यांनी सुरू होते. छायाचित्रांच्याही अशाच खुणा असतात. त्यांवरून तो फाइली ओळखून काढतो. त्यांची मूळ नावे मात्र परत येत नाहीत, कारण ती फाटलेल्या सूचीत होती. एसएसडीच्या बाबतीत हा मार्ग बहुधा बंद असतो. जागा रिकामी झाल्याची सूचना संगणक तिला देतो, आणि ती फावल्या वेळात ती कपाटे खरोखरच मोकळी करून ठेवते. जुन्या डिस्कवर जी चूक सावरता येत असे, ती नव्या यंत्रात सहसा सावरता येत नाही.

फाइली बाहेर काढण्याचा आरंभ सर्वांत सोप्या ठिकाणाहून करावा. आजकाल पुष्कळ संगणक डेस्कटॉपवरील आणि डॉक्युमेंट्समधील फाइलींची प्रत इंटरनेटवरील साठ्यात, जसे वनड्राइव्ह वा गूगल ड्राइव्ह यांत, मालकाच्या नकळत ठेवीत असतात. दुसऱ्या संगणकावरून आपल्या खात्यात प्रवेश करून तेथे काय आहे हे आधी पाहावे. कधी कधी शोधत असलेला सारा ठेवा तेथेच सापडतो.

तेथे न मिळाल्यास, आणि यंत्राचे इतर भाग ठीक असल्यास, बाहेरून आणलेल्या कार्यप्रणालीने संगणक सुरू करता येतो. फिनलंडमधील लिनस टॉरवॉल्ड्स यांनी विद्यार्थिदशेत १९९१ साली लिनक्स या प्रणालीचा पाया घातला. ती विनामूल्य मिळते, आणि डिस्कवर न बसविता केवळ रॅममध्ये चालविता येते. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली क्नॉपिक्स ही अशी चालती प्रणाली एका सीडीवर उपलब्ध करून दिली, आणि तेव्हापासून असंख्य अडलेल्या संगणकांतील फाइली या युक्तीने सोडविल्या गेल्या. आता सीडीऐवजी पेनड्राइव्ह वापरतात. दुसऱ्या संगणकावर उबुंटूसारखी प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, ती बंद पडलेल्या यंत्रास लावावी, आणि सुरू होताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने नेमलेली कळ दाबून पेनड्राइव्हवरून आरंभ करण्यास सांगावे. प्रणाली वापरून पाहण्याचा पर्याय घ्यावा. ती बसविण्याचा पर्याय कटाक्षाने टाळावा. मग जुनी डिस्क एका खिडकीत उघडते, आणि तीतील फाइली दुसऱ्या बाह्य डिस्कवर उतरवून घेता येतात. ज्या दाराचे कुलूप बिघडले, ते तसेच ठेवून परसदाराने आत जाण्याचा हा प्रकार आहे.

यंत्रच मृत झाले असेल, तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकास जोडावी. यासाठी यूएसबीची तार असलेले छोटे आवरण बाजारात मिळते. मात्र जुन्या चौकोनी डिस्कचे आवरण वेगळे, आणि च्युइंगगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या नव्या एसएसडीचे वेगळे, हे विकत घेताना पाहावे. डिस्क जोडताच ती फॉर्मॅट करावयाची आहे काय, असा प्रश्न पडद्यावर आला, तर निःशंकपणे नकार द्यावा. आत ‘युजर्स’ नावाच्या कप्प्यात प्रत्येक व्यक्तीच्या नावाचा उपकप्पा असतो. तो संपूर्ण उचलावा. उतरवून झाल्यावर दहा-वीस फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. नाव दिसले म्हणजे मजकूर आला, असे धरून चालू नये.

येथे मराठी लिहिणाऱ्यांनी एक विशेष गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या पद्धतींनी टंकित होत असे, त्यांपैकी पुष्कळ पद्धतींत संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचाच असे. त्या अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती दाखविण्याचे काम फॉन्ट करीत असे. अशी फाइल नव्या संगणकावर उघडली की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांचा पसारा दिसतो. फाइल खराब झाली असे समजून कित्येकजण ती टाकून देतात. वस्तुतः मजकुरातील एक कानामात्राही हरवलेली नसते. हरवलेला असतो तो केवळ फॉन्ट. म्हणून जुन्या डिस्कवरून फाइली काढताना विंडोजच्या कप्प्यातील ‘फॉन्ट्स’ हा उपकप्पाही आवर्जून उतरवून घ्यावा. तो फॉन्ट बसविला की वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे लेखन पुन्हा वाचता येते, आणि नंतर ते युनिकोडमध्ये बदलून घेता येते.

डिस्कच आजारी असेल, तर एकेक फाइल उघडून पाहत बसणे धोक्याचे असते. तिचे उरलेले आयुष्य अशा येरझारांत खर्ची पडते. त्यापेक्षा संपूर्ण डिस्कचे प्रतिबिंब एकदाच दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवून घ्यावे, आणि पुढचा शोध त्या प्रतिबिंबात घ्यावा. जीएनयू डीडीरेस्क्यू हा अँटोनियो डियाझ डियाझ यांचा कार्यक्रम यासाठीच आहे. वाचण्यास सुलभ असलेले भाग तो आधी उचलून घेतो, आणि खराब भागांशी झटापट शेवटी करतो. काय वाचून झाले याची नोंद तो ठेवतो, म्हणून मध्येच थांबविला तरी काम तेथूनच पुढे चालू होते. पण टकटक करणाऱ्या डिस्कवर घरचे उपाय करू नयेत. ती उघडून पाहण्याचा मोह तर सर्वथा टाळावा, कारण शीर्ष आणि तबकडी यांच्यातील अंतरापेक्षा धुळीचा साधा कण कितीतरी मोठा असतो. डिस्क शीतपेटीत ठेवण्याचा जो उपाय ऐकिवात असतो, त्याने आत दव धरते. अशा डिस्क धूलिरहित दालनात उघडून वाचणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांतून आहेत. त्यांचा खर्च बराच असतो. तो करावा की नाही, हे आत काय आहे ते पाहून प्रत्येकाने ठरवावे.

यापुढची अडचण कारागिराच्या कौशल्याबाहेरची आहे. चोराच्या हाती संगणक पडला तरी मजकूर पडू नये, म्हणून नव्या यंत्रांतील डिस्क सांकेतिक रूपाने कुलूपबंद केलेली असते. विंडोजमधील या व्यवस्थेची आपत्कालीन किल्ली ४८ अंकांची असते, आणि सुरुवातीस मायक्रोसॉफ्टचे खाते वापरले असल्यास ती बहुधा त्या खात्यात साठविलेली असते. २०२४ च्या त्या जुलै महिन्यातही पुष्कळ ठिकाणी दुरुस्तीपेक्षा या किल्ल्या शोधण्यातच अधिक वेळ गेला. अॅपलच्या नव्या संगणकांत तर साठवणीची सांकेतिक किल्ली मुख्य चिपेशीच जखडलेली असते. साठवणीचा भाग सोडवून दुसऱ्या यंत्राला लावला तरी काही वाचता येत नाही. किल्ली हरवली तर शाबूत डिस्कही निरुपयोगी होते. म्हणून संगणक चालू असतानाच ती किल्ली कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील आणखी एका माणसाला सांगून ठेवावे. कर्त्या माणसाच्या पश्चात त्याच्या संगणकापुढे हताश होऊन बसलेली कुटुंबे आता विरळ राहिलेली नाहीत.

या सर्व खटपटीनंतर जो मनुष्य आपल्या फाइली परत मिळवितो, तो बहुधा दुसरी प्रत ठेवण्याचा निश्चय करतो. हा निश्चय संकटापूर्वी झाला तर बरे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सर या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असता एका चुकीच्या आज्ञेने त्याचा बराचसा भाग पुसला गेला. प्रती ठेवण्याची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नाही हे त्या दिवशीच कळले. गॅलिन सुसमन या अधिकारी स्त्रीने बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून घरच्या संगणकावर एक प्रत नेली होती. तिच्यावरून चित्रपट पुन्हा उभा राहिला. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला नियम याच अनुभवाशी जुळतो. महत्त्वाच्या फाइलींच्या ३ प्रती असाव्यात, त्या २ निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी १ घराबाहेर असावी. पुण्यातील घरी एक डिस्क, तीच माहिती इंटरनेटवरील खात्यात, आणि एक प्रत नागपूरच्या बहिणीच्या कपाटात, इतकी सोपी ही व्यवस्था आहे. वर्षातून एकदा ती प्रत उघडून पाहिली की ती पुरी होते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुन्या घरांतील दफ्तरे पाहिली, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील पत्रे शंभराहून अधिक वर्षे जुन्या रुमालांत बांधलेली पडून होती, आणि तरी ती वाचता आली. कागद अर्धा कुरतडला गेला तरी उरलेला अर्धा बोलतो. संगणकातील दफ्तराला हा दीर्घकाळचा धीर नाही. ते शाबूत असते तोवर अक्षर न् अक्षर शाबूत असते, आणि जाते तेव्हा बहुधा मागे काहीच ठेवीत नाही. म्हणून ते जपण्याचे काम पुढे कधीतरी येणाऱ्या संशोधकावर सोपविता येत नाही. ज्याच्या घरी तो संगणक आहे, त्यालाच ते आज करावे लागते.